डाव्या पायाची बोटं

“माझ्या डाव्या पायाला बोटं किती?” माईंनी विचारलं.

इंद्रजित वाकलेला तसाच राहिला. त्याचे हात माईंच्या पावलांपासून वीतभर अंतरावर थांबले. माईंनी डावा पाय भगव्या लुगड्याखाली ओढून घेतला होता.

“पाच,” तो म्हणाला.

“पाहून सांगतोस की ठोकून?”

“माणसाला पाचच असतात, माई.”

“माणसाला... मी माझ्या पायाचं विचारलं.”

पठारावर आल्यापासून तो रोज पहाटे या पायांवर डोकं ठेवत होता. डोळे मिटून.

“मग आज पाया पडू नकोस,” माई म्हणाल्या. “बस.”

तो ओट्याच्या कडेला बसला.

माईंनी काशाची वाटी उचलली, तिच्या बुडाला तेलाचं बोट लावलं आणि उजवा तळवा चोळायला घेतला. वाटीचा घासल्याचा मंद आवाज येत राहिला. टाचेच्या भेगांपाशी वाटी अडखळे, की माई तिथे थोडं तेल जास्त लावत.

निवळीच्या पठारावरचा हा मठ अगदी लहान. दत्ताची एक खोली, पुढे ओटा, ओट्यासमोर उंबर. उंबराखाली इंद्रजितची जीप उभी होती. ती काल ट्रॅक्टरने ओढून आणावी लागली होती. दसऱ्याच्या झेंडूच्या माळेचा सुकलेला दोरा अजून तिच्या तोंडाशी लोंबत होता.

इंद्रजित दूर देशात शिकला होता. तिथली नोकरी सोडून तो परत आला, तो पेटूनच. पठारावरच्या धनगरवाड्यांना दवाखाना मिळाला पाहिजे आणि अंगारेधुपारे सुटले पाहिजेत, एवढंच त्याचं म्हणणं. मित्रांना सांगून त्याने ही जुनी जीप मिळवली. तो स्वतःच चालवायचा. आजारी माणसांना घेऊन पहाटेच निघायचा, तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभं करायचा, संध्याकाळी परत आणायचा.

आणि तो माईंचा शिष्य झाला होता. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, असं कोणी विचारलं, की तो हसून म्हणायचा, “माई चमत्कार करत नाहीत, म्हणून तर.”

“काय मागायला आलास?” माईंनी विचारलं.

“मागायला नाही.”

“इतक्या सकाळी, धुतलेला सदरा घालून... मागायलाच आलास.”

इंद्रजितने आपल्या सदऱ्याकडे पाहिलं.

“तान्हूबाईंना एक शब्द सांगा, माई. त्या तुमचं ऐकतील.”

“काय सांगू?”

“डोळ्याचं ऑपरेशन करून घे, म्हणावं. माझी ना नाही, म्हणावं.”

“मी तिला कधी ना म्हटलं?”

“कधीच नाही.”

“मग?”

“त्यांना वाटतंय, तुम्ही अडवलंत.”

माईंची वाटी थांबली.

“सगळं सांग,” त्या म्हणाल्या.

त्याने सांगितलं. परवा पहाटे तो तान्हूबाईंना आणि आणखी काही जणांना घेऊन निघाला होता. तान्हूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. फार दिवसांनी त्यांची तारीख लागली होती. घाट उतरला, ओढा ओलांडला, आणि खिंडीच्या चढावर इंजिनातून हातोडा मारल्यासारखे आवाज यायला लागले. मग धूर. मग काहीच नाही. इंजिन जाम झालं होतं.

तान्हूबाईंना त्यांच्या मुलाने, बिराने, काठीचं टोक धरून परत वर आणलं. आता त्या दारात बसून आहेत. दवाखान्याचं नाव काढलं, की कानाला हात लावतात.

“गाडी बंद पडली,” माई म्हणाल्या. “गाड्या बंद पडतात. त्यात माझं नाव कुठून आलं?”

“लोकांची समजूत.”

“समजूत आभाळातून पडत नाही, इंद्रा.”

तो उंबराकडे पाहत राहिला.

“गाडीत तुमचा फोटो आहे,” तो शेवटी म्हणाला. “गेल्या दत्तजयंतीला छापला होता तो. पातळ, स्टिकरसारखा. दसऱ्याला गाडीची पूजा केली, तेव्हा मी तो समोर लावला.”

“लावलास. मग?”

“पहाटे अंधार असतो. त्या फोटोवर... लाल उजेड दिसतो.”

“कुठे?”

“कपाळावर.”

“कुणाच्या?”

“तुमच्या.”

माईंनी वाटी खाली ठेवली.

“लोक म्हणतात, माईंच्या कपाळावर कुंकू उगवलं,” इंद्रजित घाईने म्हणाला. “परवा ते फारच तेजाळलं होतं म्हणे, आणि मग गाडी थांबली. म्हणून म्हणतात, की माईंनी...”

“लोक म्हणतात. तू काय म्हणतोस?”

“मी कुठे काय म्हणतो!”

“तेच विचारते.”

उंबरावरून एक पिकलेलं फळ जीपच्या टपावर पडलं. टप् असा आवाज आला.

“तू बाहेर शिकलास,” माई म्हणाल्या. “तिकडे तुझी गाडी होती?”

“होती.”

“तिचं तेलपाणी कोण बघायचं?”

“मीच. सर्व्हिसिंगचा दिवस आला, की नेऊन द्यायचो. कधी चुकलो नाही.”

“तिला हार घालायचास?”

“तिकडे कुठला हार...”

“फोटो होता तिच्यात कोणाचा?”

“नाही.”

“हं,” माई म्हणाल्या, आणि उठल्या. “चल. मला गाडीत बसव.”

इंद्रजित गोंधळला. माई कधी गाडीत बसत नसत. तालुक्याला जायचं तरी पायी जात. त्यांचा तसा नेम असणार, असं सारं पठार धरून चाललं होतं.

“पण माई, तुमचा नेम...”

“कसला नेम? मला कोणी बस म्हटलं नाही.”

*

जीपचा दरवाजा कुरकुरत उघडला. माई चालकाच्या जागेवर बसल्या. इंद्रजित बाहेर, दाराला धरून उभा राहिला.

जीप जुन्या बांधणीची होती. काटे आणि छोटे दिवे समोरच्या पत्र्यावर मधोमध होते. तिथेच फोटो चिकटवला होता. मागच्या बाकावरच्यांनाही दर्शन व्हावं म्हणून.

माई स्वतःच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

“म्हातारी दिसते,” त्या म्हणाल्या. “कुंकू कुठाय?”

“किल्ली फिरवावी लागते.”

“मग फिरव.”

“इंजिन चालू होणार नाही, माई.”

“इंजिन कोणाला पाहिजे? मला कुंकू बघायचंय.”

इंद्रजितने माईंच्या समोरून हात घालून किल्ली फिरवली. उंबराची सावली दाट होती. फोटोतल्या माईंच्या कपाळावर, दोन भुवयांच्या किंचित वर, लाल ठिपका उमटला. गोल, ठसठशीत.

माईंनी श्वास आत ओढला.

मग त्यांनी आपलं बोट उचललं, स्वतःच्या कपाळावर टेकवलं आणि बोटाकडे पाहिलं. बोटाला भस्म लागलं होतं. दुसरं काही नव्हतं.

“आमचे मालक गेले, तेव्हा बायकांनी पुसलं,” त्या म्हणाल्या. “मी पोर होते. ओल्या फडक्याने पुसलं. थंडीचे दिवस... फडकं गार होतं.”

इंद्रजितने मान खाली घातली.

“तू परत लावलंस. रोज पहाटे लावत होतास. मला विचारलं नाहीस.”

“माई, मी...”

“मी रागावले नाही. सांगते फक्त.”

माईंनी नख पुढे केलं आणि फोटोच्या कोपऱ्याशी खरवडायला सुरुवात केली. स्टिकर जुना झाला होता. तुकड्यातुकड्याने निघाला. आधी हनुवटी गेली, मग नाक. कपाळ सर्वात शेवटी.

फोटोच्या मागे एक बारीकशी काच होती. काचेवर तेलाच्या झारीचं चित्र, झारीच्या चोचीशी एक थेंब. चित्र लाल पेटलेलं.

“हे काय?”

इंद्रजित काचेकडे न पाहता म्हणाला,

“इंजिनला तेल कमी पडलं, की हा दिवा लागतो.”

“तुला हे ठाऊक होतं?”

“...हो.”

“परवा कळलं?”

तो दिव्याकडेच पाहत राहिला.

“इंद्रा, परवा कळलं?”

“दिवाळीच्या आधी. घाट चढताना पहिल्यांदा लागला. मग हळूहळू लागूनच राहिला.”

माईंनी मान हलवली. त्या उतरायला वळल्या, तेवढ्यात त्यांच्या पायाला सीटखाली काहीतरी लागलं. त्यांनी वाकून ते बाहेर ओढलं. प्लॅस्टिकचा डबा होता. जड. झाकणावरचं सील तसंच.

“हे?”

“तेलच आहे. इंजिनचं.”

“भरलेला डबा.”

“हो.”

“गाडीतच होता.”

“हो.”

“मग ओतलं का नाहीस?”

इंद्रजितने दाराची कड घट्ट धरली. आता त्याचं तोंडच नाही, मानही लाल झाली होती.

“बॉनेट उघडलं होतं मी,” तो म्हणाला. “डबा हातात होता...”

माई थांबल्या.

“माई, आधी कोणी गाडीत बसत नव्हतं. वाड्यावाड्यांवर फिरलो. पोटतिडकीनं बोललो, सभा घेतल्या. ते म्हणायचे, दवाखान्यात खाली गेलेलं माणूस वर येत नाही. गाडी रिकामी जायची. रिकामी यायची. मग त्या पहाटे कोणीतरी ओरडलं, माईंच्या कपाळावर कुंकू आलं! आणि दुसऱ्या खेपेला बसायला जागा उरली नाही. गरोदर बाया आल्या, दमेकरी आले. तान्हूबाई आल्या. जे माझ्या बोलण्यानं झालं नाही, ते...”

त्याने डब्याकडे पाहिलं.

“तेल ओतलं असतं, तर दिवा विझला असता, माई.”

उंबरात पाखरं किलबिलत होती.

“आणि अंगारेधुपारे सोडा म्हणून सभा घेत होतास,” माई म्हणाल्या.

“हो.”

“त्याच गाडीतून जाऊन?”

“...त्याच गाडीतून.”

माईंनी डबा त्याच्या हातात दिला. मग त्या खाली उतरल्या. इंद्रजितला वाटलं, त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

*

“माई हायेत का?”

पायवाटेने बिरा येत होता. त्याच्या हातात काठीचं एक टोक, दुसरं टोक त्याच्या आईच्या हातात. तान्हूबाईंच्या काखेत नारळ होता.

इंद्रजितने चटकन किल्ली फिरवून दिवा बंद केला.

माईंनी ते पाहिलं.

“ये गं तान्हू,” त्या म्हणाल्या. “नारळ कशाला आणलास?”

“गाडीला. म्हटलं, तुझा कोप व्हायला नगं गाडीवर. पोराची गाडी हाय बिचाऱ्याची.”

बिरा इंद्रजितकडे पाहून हसला.

“काय सायेब, माईंनी बरेक दाबला न्हवं? आपला बरेक पायात असतुया, माईंचा कपाळात.”

इंद्रजितला हसता आलं नाही.

तान्हूबाई काठी सोडून चाचपडत पुढे आल्या आणि माईंच्या पायाशी बसल्या. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी पाय हातांनी शोधले. उजवा सापडला. मग डावा. डाव्या पायावर त्यांचा हात थांबला. करंगळीशेजारी जिथे बोट हवं होतं, तिथे नुसती गुळगुळीत गाठ होती. तान्हूबाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला, दुधासाठी आलेल्या कोकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

“थंडीत ठणकतं का गं अजून?”

“ठणकतं कधी कधी.”

“तेल लावीत जा.”

“लावते.”

इंद्रजित त्या पायाकडे पाहत होता. चार बोटं होती.

“हे बोट...” तो नकळत म्हणाला.

“तुला ठावं न्हाई?” तान्हूबाईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. “आरं, घाटाच्या रस्त्यावर हुतो आमी दोगी. खडी फोडायला. सुरुंगाचा दगुड आला आन् गेलं. तुजी गाडी पळती न्हवं, त्योच रस्ता. फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिशी परत कामावर. व्हय का न्हाई गं?”

“जाऊ दे ते,” माई म्हणाल्या.

इंद्रजितच्या डोळ्यांसमोर घाटाची ती वळणं आली. या रस्त्याबद्दल तो लोकांना काय काय सांगायचा. रस्ता म्हणजे प्रगती, रस्ता म्हणजे हक्क. रोज त्याच पायांवर डोकं टेकून तो त्या रस्त्याला लागायचा.

“तान्हू,” माई म्हणाल्या, “हा तुला काही सांगणार आहे.”

इंद्रजितने दचकून पाहिलं.

“माई, तुम्हीच सांगा ना. त्या तुमच्या शब्दावर लगेच तयार होतील. तारीख परत मिळेल, मी विनंती करतो डॉक्टरांना. उशीर झाला तर डोळे... तुम्ही एक शब्द...”

“मला गाडीतलं काय कळतं?”

“गाडीचं नका सांगू. नुसतं, जा म्हणा.”

“म्हणजे परत माझाच फोटो लावायचा?”

त्याची नजर पत्र्यावरच्या खरवडलेल्या जागेकडे गेली.

तान्हूबाई एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड फिरवत होत्या. “काय गं माई? काय झालं?”

माई बाजूला झाल्या. त्या उंबराच्या पारावर जाऊन बसल्या आणि पाय लुगड्याखाली घेतले.

इंद्रजितने डबा खाली ठेवला. मग परत उचलला. हात कुठे ठेवायचे, तेच त्याला कळत नव्हतं. मोठमोठ्या सभागृहांत तो परक्या भाषेत न अडखळता बोलला होता.

“तान्हूबाई,” तो म्हणाला. “ते कुंकू नव्हतं.”

“आँ?”

“फोटोच्या मागे एक दिवा आहे. इंजिनला तेल पाहिजे असलं, की तो लागतो. तेल मागत होती गाडी. मी दिलं नाही. म्हणून ती बंद पडली.”

“तेल न्हवतं व्हय तुज्याकडं?”

“होतं.” त्याने डबा पुढे केला, मग आठवलं की त्यांना दिसत नाही. त्याने त्यांचा हात धरून डब्यावर ठेवला. “हे बघा. गाडीतच होतं.”

तान्हूबाईंनी डबा चाचपला. झाकण चाचपलं.

“मंग?”

“तेल घातलं असतं तर दिवा विझला असता. तुम्ही सगळे त्याला हात जोडत होता. त्याच्यामुळे गाडीत बसत होता. म्हणून मी... तसाच ठेवला.”

बिराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“आन् आमी त्याच्या पाया पडत हुतो,” तो म्हणाला. “माजी बायकू उपास करती, सायेब. त्या कुंकवाचा. शुक्रवारचा.”

इंद्रजितला हे ठाऊक नव्हतं.

“माईंनी अडवलं नाही तुम्हांला,” तो तान्हूबाईंना म्हणाला. “मी अडवलं.”

तान्हूबाई खूप वेळ डब्यावर हात ठेवून बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मला तेवढंच दिसायचं रं.”

“काय?”

“गाडीत बसलं की समदा अंधार. ह्यो बिरा शेजारी बसायचा, त्यो बी दिसायचा न्हाई. एक लाल ठिपका तेवढा दिसायचा. म्हनायची, माई म्होरं हाय.”

इंद्रजितने तोंड फिरवलं. बिरा पायाने माती उकरत राहिला.

“आता खरं बोलतुयास न्हवं?” तान्हूबाईंनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. त्याने माईंकडे पाहिलं. माई उंबराची पडलेली फळं वेचत होत्या.

“बिराला बघायला सांगा,” तो म्हणाला. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. बिरा, ये इकडे.”

त्याने बॉनेट उचललं. आतून तेल तपासायची लांब पट्टी ओढून काढली आणि बिराच्या हातात दिली. पट्टीच्या टोकाला तेलाचा ओलावाही नव्हता. नुसती काळी, जळकी पूड.

बिराने ती बोटावर घेतली, चोळली, वास घेतला.

“कोरडी ठाक हाय, आये,” तो म्हणाला.

“मंग माईंनी न्हाई अडवलं.”

“न्हाई.”

तान्हूबाई उठल्या. नारळ त्यांनी बिराकडे दिला.

“फोड. गाडीला नगं. मान्सं खातील.” मग इंद्रजितकडे वळून म्हणाल्या, “कवा जायचं?”

“तारीख मिळाली की लगेच. पण गाडी दुरुस्त व्हायला वेळ लागेल. फाट्यापर्यंत चालावं लागेल. तिथून एसटी. मी येतो, हात धरून नेतो.”

“तू काठी धर,” तान्हूबाई म्हणाल्या. “हात बिराचा धरीन.”

इंद्रजितने मान हलवली. ती त्यांना दिसली नाही.

ते निघाले, तेव्हा तो माईंपाशी गेला. त्याला पाय धरावेसे वाटत होते, आणि धरायची लाजही वाटत होती. माईंनी पाय लुगड्याखालून काढले नाहीत.

“चार,” तो म्हणाला.

“आता सांगून काय उपयोग?” माई म्हणाल्या. “तान्हूने दाखवल्यावर?”

*

तान्हूबाईंना तारीख मिळाली. त्या फाट्यापर्यंत चालत गेल्या. इंद्रजितने काठी धरली होती.

दरम्यान तो वाड्यावाड्यांवर गेला. पायी. जे तान्हूबाईंना सांगितलं, ते त्याने प्रत्येक दारात सांगितलं. काही ठिकाणी लोक हसले. एका वाड्यावर एका म्हाताऱ्याने त्याच्यादेखत दार लावून घेतलं. बिराच्या बायकोने शुक्रवारचा उपास सोडला, आणि मग पुष्कळ दिवस इंद्रजितला पाणी विचारलं नाही.

गाडी ओढून तालुक्याला नेली; इंजिन उघडून, नवं काम करून ती वर आली. तिच्यात हार नव्हता, फोटो नव्हता. समोरच्या बारीक काचा मोकळ्या होत्या. पहिल्या काही खेपांना तिच्यात तान्हूबाई एकट्याच बसत. डोळे तपासून घ्यायला त्यांना जावं लागे. पट्टी निघाल्यावर, पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा त्यांनी समोर निरखून पाहिलं.

“काय बी न्हाई की रं हितं,” त्या म्हणाल्या.

“काही नाही,” इंद्रजित म्हणाला.

“बरं हाय. चल.”

एका पहाटे माई आंघोळ करून ओट्यावर आल्या. उंबराखाली जीपचं बॉनेट उघडं होतं. इंद्रजित आत वाकला होता. त्याने पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली आणि उजेडाकडे धरून पाहिली. मग रेडिएटरमधलं पाणी पाहिलं. मग वाकून एकेक चाक.

माई पाहत उभ्या राहिल्या.

त्यांना पाहून तो पुढे आला. सवयीने वाकला, आणि अर्ध्यावरच थांबला. हात काळे झाले होते. नखांत तेल होतं.

“हात खराब आहेत, माई.”

माईंनी डावा पाय लुगड्याबाहेर काढला आणि ओट्याच्या कडेवर ठेवला.

“बोटं किती?”

त्याला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. तो गुडघ्यांवर बसला. मान वर करून माईंकडे बघायची अजूनही त्याला लाज वाटत होती, म्हणून तो पायाकडेच पाहत राहिला. टाचेला नवी भेग पडली होती. गाठीवरची कातडी थंडीने उलली होती. काल ती तशी नव्हती, की काल त्याने पाहिलं नव्हतं, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्याने एकेक बोट पाहिलं.

“चार,” तो म्हणाला.

माईंनी काशाची वाटी त्याच्या काळ्या हातात ठेवली.

“उद्या परत मोज.”